कंट्रोल एस दाबलं, पण सेव्ह झालंच नाही

(या भागाचं लिखित रूप. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलं आहे.)

आजचा विषय ऐकून काहीजण म्हणतील, यावर काय अख्खा भाग करायचा? विषय आहे कीबोर्डचे शॉर्टकट. कंट्रोल सी, कंट्रोल व्ही, कंट्रोल एस. चालतात तोपर्यंत आपल्याला त्यांची आठवणही येत नाही. माझे एक दिवस चालले नाहीत आणि माझ्यामुळे एका आजींना दुसऱ्यांदा यष्टीचं तिकीट काढावं लागलं. म्हणून हा भाग.

आधी थोडं माझ्याबद्दल. मी वेल्ह्याचा. टायपिंगचा क्लास भोरला केला. वेल्ह्याहून नसरापूर, नसरापूरहून दुसरी गाडी पकडून भोर, असं आठवड्यातून चार दिवस. परीक्षा परिषदेची मराठी ३० ची परीक्षा पास झालो आणि तहसील कचेरीजवळ एका झेरॉक्सच्या दुकानात बसायला लागलो. अर्ज, प्रतिज्ञापत्र, ग्रामसभेचे ठराव, पोरांचे प्रोजेक्ट, सगळं. दुकानात एक जुना लॅपटॉप आहे. विंडोज त्याला झेपेना म्हणून त्यावर लिनक्स टाकलं, आणि टायपिंग लिब्रेऑफिस रायटरमध्ये.

पावसाळ्याचे दिवस होते. पानशेतच्या बाजूने एक आजी आल्या. वारस नोंदीचं काम. त्यासाठी वंशावळ लिहून द्यावी लागते, म्हणजे कोणाचा मुलगा कोण, कोणाची मुलगी कुठे दिली, कोण वारलं, कधी वारलं. आजींकडे कागद दोनच होते. बाकी सगळं डोक्यात. "लिव्ह बाळा, मी सांगत्ये," म्हणाल्या आणि चार पिढ्या सांगायला लागल्या. मधेच एखादं नाव अडलं की डोळे मिटून बोटांवर मोजायच्या.

मी जुन्या एका अर्जाच्या फाईलची कॉपी केली, तिला आजींचं नाव दिलं आणि त्यातच टाइप करत गेलो. दर दोन-तीन ओळींनी कंट्रोल एस. ही सवय क्लासमध्येच लागलेली, बोटं आपोआप जातात. मधेच लाईट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, पण प्रिंटर बंद. आजींना शेवटची गाडी गाठायची होती. मी म्हटलं, "आजी, सगळं सेव्ह आहे, उद्या-परवा कधीही या, प्रिंट काढून ठेवतो." त्या गेल्या. बॅटरी संपत आली होती म्हणून मी फाईल बंद करायला गेलो, तर त्याने विचारलं, बदल सेव्ह करायचे का? मला वाटलं, शेवटच्या सेव्हनंतर एखादी स्पेस पडली असेल. नको म्हटलं.

दुसऱ्या दिवशी फाईल उघडली. आत जुना अर्ज, जसाच्या तसा. आजींचं एक अक्षर नाही.

आता हे कसं झालं, ते सांगतो. त्यात चूक सर्वस्वी माझी होती. सकाळी टाइप करताना भाषा सारखी इंग्रजीवर जात होती. माझाच हात चुकून लागत होता. वैतागून मी सेटिंगमध्ये गेलो आणि यादीतून इंग्रजी कीबोर्ड काढूनच टाकला. फक्त मराठी ठेवला. म्हटलं, आता कुठे जाशील?

इनस्क्रिप्टवर टाइप करणाऱ्यांना माहीत असेल, त्यात एस च्या बटणावर एकार आहे. सी वर म, व्ही वर न, बी वर व. त्यामुळे मी दाबत होतो कंट्रोल एस, पण लॅपटॉपला ऐकू येत होतं कंट्रोल आणि एकार. असा शॉर्टकट रायटरला कोणी शिकवलेलाच नाही. मग तो काय करणार? काहीच नाही. आवाज नाही, चूक झाल्याची खूण नाही, कागदावर मात्रासुद्धा उमटत नाही. एरवी यादीत इंग्रजी कीबोर्ड नुसता असला, चालू नसला तरी, प्रोग्रामला त्या बटणाचं इंग्रजी नाव तिथे सापडतं आणि शॉर्टकट चालतो. मी ते नावच पुसून टाकलं होतं.

विंडोजवाले म्हणतील, आमच्याकडे तर मराठी चालू असताना कंट्रोल सी चालतं. बरोबर आहे. विंडोजमध्ये उमटणाऱ्या अक्षराबरोबर त्या बटणाचा एक वेगळा नंबरही प्रोग्रामकडे जातो, आणि विंडोजच्या स्वतःच्या मराठी इनस्क्रिप्टमध्ये सी च्या बटणाचा नंबर सी चाच राहतो. मी क्लासमध्ये विंडोजवर शिकलो, त्यामुळे लिनक्सवर असं काही होऊ शकतं हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

माझ्यासारखं झालं असेल तर उपाय दोन मिनिटांचा आहे. सेटिंगमध्ये कीबोर्ड, तिथे इनपुट सोर्सेस, आणि त्यात मराठीबरोबर एक इंग्रजी जोडा. भाषा बदलायला सुपर आणि स्पेस, म्हणजे विंडोजचं चिन्ह असलेलं बटण आणि स्पेस. आणि रायटरमध्ये एक बघत जा. फाईलमध्ये सेव्ह न झालेला बदल असेल तर वरचं सेव्हचं चिन्ह वेगळं दिसतं, खालच्या पट्टीतही खूण असते. ती खूण तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर होती. मी बघितलीच नाही, कारण बोटांवर भरवसा.

इथे एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. कट, कॉपी, पेस्ट हा प्रकार संगणकावर आणणारा माणूस लॅरी टेस्लर. १९७० च्या दशकात तो कॅलिफोर्नियात ज्या संशोधन केंद्रात काम करत होता, ते केंद्र झेरॉक्स कंपनीचं. तीच झेरॉक्स, जिचं नाव आपल्याकडे प्रत्येक कोपऱ्यावरच्या दुकानाला आहे. पुढे तो ॲपलमध्ये गेला, आणि झेड, एक्स, सी, व्ही ही एका ओळीतली चार बटणं ॲपलच्या संगणकांमधून जगभर रूढ झाली. टेस्लर २०२० मध्ये वारला. तर ती चार बटणं इंग्रजी कीबोर्डवर शेजारीशेजारी आहेत म्हणून निवडलेली. आपला इनस्क्रिप्ट वेगळ्याच विचाराने बांधलेला आहे, डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. १९९१ च्या भारतीय मानकात तो आहे. दोन्ही मांडण्या आपापल्या जागी शहाण्या आहेत. फक्त एकाच प्लास्टिकच्या बटणावर दोघी बसल्यात, तिथे भांडण होतं.

त्यानंतर दुकानात कोणीही "शॉर्टकट चालत नाही" म्हणत आलं की मी एकच प्रश्न विचारतो. दुसऱ्या प्रोग्राममध्ये चालतो का? नोटपॅड उघडा, दोन शब्द टाइप करा, कंट्रोल ए दाबा. तिथेही चालत नसेल तर वर्डला शिव्या देऊ नका, गडबड कीबोर्डची किंवा विंडोजची आहे. तिथे चालतो आणि वर्डमध्येच अडतो, तर मग वर्डमध्ये शोधू.

सगळीकडे अडत असेल तर बऱ्याचदा फिल्टर कीज सापडतं. उजवीकडचं शिफ्ट आठ सेकंद दाबून धरलं की विंडोज ते चालू करायचं का विचारतं, आणि आपण न वाचता हो म्हणतो. मग पटकन दाबलेली बटणं संगणक सोडून देतो. याचंच भावंड स्टिकी कीज, शिफ्ट पाच वेळा दाबलं की येतं. गेम खेळणाऱ्या पोरांना दोन्ही माहीत असणार. सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी, कीबोर्ड, तिथे दोन्ही बंद करा. लॅपटॉपवर एफ १२ ने सेव्ह ॲज येण्याऐवजी आवाज कमीजास्त होत असेल तर एफएन बटण सोबत दाबून बघा. बऱ्याच लॅपटॉपवर एफएन आणि एस्केप मिळून त्याचं कुलूप असतं.

एकच शॉर्टकट मेलाय, बाकी ठणठणीत, असं असेल तर दुसऱ्या कोणीतरी तो पळवलाय. स्क्रीनशॉट काढणारं, स्क्रीन रेकॉर्ड करणारं किंवा मराठी टायपिंगचं एखादं सॉफ्टवेअर मागे चालू असतं आणि ते वर्डच्या आधी बटण झेलतं. घड्याळाजवळची चिन्हं एकेक करून बंद करा आणि दरवेळी शॉर्टकट दाबून बघा. कोण बंद केल्यावर चालू झाला, तोच चोर. आणखी एक. ज्या कीबोर्ड मांडणीत उजवीकडचं ऑल्ट तिसऱ्या अक्षरासाठी वापरतात, तिथे विंडोज त्याला कंट्रोल अधिक ऑल्ट समजतं. वर्डमध्ये कंट्रोल ऑल्ट १ म्हणजे हेडिंग. अक्षर काढायला गेलात आणि ओळ अचानक मोठी निळी झाली, तर घाबरू नका, कंट्रोल झेड.

फक्त वर्डमध्येच अडत असेल तर कंट्रोल धरून वर्ड उघडा, तो सेफ मोडमध्ये उघडू का विचारेल. तिथे शॉर्टकट चालला तर एखादं ॲड-इन किंवा बदललेलं सेटिंग नडतंय. मग फाईल, ऑप्शन्स, कस्टमाइझ रिबन, आणि खाली कीबोर्ड शॉर्टकटसमोर कस्टमाइझ. त्या खिडकीत नवीन शॉर्टकटच्या चौकटीत जाऊन तुमचा शॉर्टकट नुसता दाबा. तो सध्या कोणत्या कामाला जोडलाय हे खाली दिसतं. मला ही खिडकी फार आवडते, खरं सांगतो. कोणाकडे विचारायला जायला नको. रिसेट ऑलचं बटण तिथेच आहे, पण त्याने तुम्ही स्वतः केलेले शॉर्टकटही जातात. लिब्रेऑफिसमध्ये हेच टूल्स, कस्टमाइझ, कीबोर्डमध्ये मिळेल. एवढं करूनही नाही झालं तर वर्ड बंद करून नॉर्मल डॉट डॉटएम या फाईलचं नाव बदला. वर्ड नवी कोरी बनवतो. डिलीट मात्र करू नका, तुमचे मॅक्रो आणि स्टाइल त्यात असतात.

आता कंट्रोल एच. आमच्या दुकानात सध्या सगळ्यात जास्त लागणारा शॉर्टकट हाच, शोधा आणि बदला. कारण आमच्या तालुक्याचं नाव आता राजगड झालंय. दुकानातल्या प्रत्येक नमुना अर्जात "तालुका वेल्हे" लिहिलेलं. पहिल्या दिवशी मी हुशारी करून वेल्हे शोधा, राजगड टाका, सगळे बदला असं केलं. वेल्हे बुद्रुक या गावाचंही राजगड बुद्रुक झालं! आणि "वेल्ह्यात", "वेल्ह्याचे" हे शब्द तसेच राहिले, कारण तिथे ह ला एकार नाही, ह्या आहे. संगणकाला विभक्ती कळत नाही, त्याला फक्त अक्षरांची रांग कळते. त्यामुळे शोधताना "वेल्ह" एवढंच टाका, आणि सगळे एकदम बदलू नका, एकेक बघत जा. जुन्या फेरफाराचा उतारा जिथे दिलाय तिथे जुनं नावच राहू द्या, मूळ कागदावर तेच आहे.

आणि हो, काही जुन्या फायलींमध्ये शब्द समोर दिसतोय तरी सापडतच नाही. तिथे शॉर्टकट ठीक असतो. ती फाईल युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये असते. दिसायला मराठी, आत साठवलेली इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट बदलून बघा, मराठीचं कडबोळं झालं की समजा तीच भानगड. आधी कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या, मग शोधा. कन्व्हर्ट केल्यावर रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. माणसांची नावं तर नक्कीच.

आजींचं काय झालं, ते राहिलं. तिसऱ्या दिवशी त्या आल्या. मी खरं सांगितलं. ओरडतील असं वाटलं होतं. त्या बाकावर बसल्या, पदराने चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "परत सांगायचं व्हय? सांगत्ये की." पुन्हा चार पिढ्या. पण या वेळी त्यांच्या सासऱ्यांच्या दोन भावांची नावं उलट क्रमाने आली. मला आठवत होतं की आधी दुसरं नाव थोरलं म्हणून सांगितलं होतं, पण खात्री नव्हती. मी विचारलं, "आजी, यातलं थोरलं कोण?" त्या गप्प झाल्या. वंशावळीत हा क्रम चुकवायचा नव्हता, आणि खातरजमा करायला पहिला कागद तर मीच घालवलेला.

शेवटी माझ्या फोनवरून त्यांनी पुण्यात राहणाऱ्या दिरांना फोन लावला. रेंज एकच कांडी. दुकानाबाहेर, पन्हाळीखाली उभं राहून त्या मोठमोठ्याने दोन मेलेल्या माणसांची वयं विचारत होत्या, आणि आत मी फाईलला नवं नाव देऊन माउसने, वरच्या चिन्हावर क्लिक करून, सेव्ह करत होतो.

पैसे मी घेतले नाहीत. जाताना त्यांनी पिशवीतून इंद्रायणी तांदळाची पुडी काढून टेबलावर ठेवली, ती मात्र घ्यावी लागली.

चला, थांबतो. तुमचा एखादा शॉर्टकट रुसला असेल तर आधी ते नोटपॅडमध्ये बघायचं तेवढं करा. भेटू पुढच्या भागात.