गणवेश उतरला, जबाबदारी उतरली नाही

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



वऱ्हाडातील कोरडवाहू शेतीवर एका घरातील दोन भावांचे भागत नाही. म्हणून त्यांतील एक पहाटे उठून सैन्यभरतीसाठी धावू लागतो. जून 2022 मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली आणि या धावण्याच्या शेवटी असलेली कायमची नोकरी गेली. चार वर्षांची सेवा, त्यानंतर फार तर 25 टक्क्यांना नियमित सैन्यात स्थान आणि उरलेल्यांना व्याजासह सुमारे 11.71 लाखांचा सेवानिधी देऊन निरोप, असा हा करार आहे. पहिल्या तुकड्या 2022 च्या अखेरीस व 2023 च्या आरंभी प्रशिक्षणास गेल्या. त्यांची चार वर्षे 2026 अखेर आणि 2027 च्या आरंभी भरतात. ऐन विशीत मोकळ्या होणाऱ्या या तरुणांनी पदवीसाठी अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांची वाट धरणे स्वाभाविकच आहे.

प्रश्न आहे तो त्यांच्या प्रकृतीचा. सेवेत असेतो सैन्याचे रुग्णालय त्यांचे असते. निवृत्तिवेतनधारक माजी सैनिकांसाठी एप्रिल 2003 पासून अंशदायी आरोग्य योजना आहे. मुक्त झालेल्या अग्निवीराला मात्र माजी सैनिकाचा दर्जाच नाही. त्यामुळे निवृत्तिवेतनही नाही आणि ही योजनाही नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील एक अग्निवीर सियाचीनमध्ये मृत्यू पावला. तेथील हिमाने कंत्राटी आणि कायम असा भेद केला नाही. तो भेद सरकारने केला आहे.

यावर सांगितले जाते की, महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून राज्यातील प्रत्येक कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. ते खरे आहे आणि स्वागतार्हही आहे. परंतु हे संरक्षण मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या, यादीतील उपचारांना आहे. ओझ्याने झिजलेला गुडघा, गोळीबाराने मंदावलेले कान, रात्री उडालेली झोप यांना महिनोन्‌महिने तपासणी, औषध आणि समुपदेशन लागते. तो खर्च घरच्यांच्या खिशातून जातो. तात्पर्य, गिरणीचा मालकदेखील यंत्राच्या घसाऱ्याची तरतूद करतो. येथे माणसाच्या शरीराचा घसारा शेतकरी कुटुंबाच्या खाती मांडला जात आहे.

अमेरिकेत 1944 च्या कायद्याने परतलेल्या सैनिकांना महाविद्यालयांची दारे उघडली. पुढे तेथील माजी सैनिक विभागाने महाविद्यालयांच्या आवारातच आरोग्य सल्लागार बसविण्याचा कार्यक्रम हाती घेतला. त्या देशाच्या युद्धखोरीचे समर्थन न करताही ही व्यवस्था अभ्यासण्याजोगी आहे. सरकारी बाह्यरुग्ण विभागाची वेळ आणि तासांची वेळ एकच असली, तर एस.टी.ने ये-जा करणारा विद्यार्थी उपचार तरी सोडतो किंवा शिक्षण तरी. म्हणून दवाखाना त्याच्यापर्यंत गेला पाहिजे.

मागण्या साध्या आहेत. मुक्त झालेल्या प्रत्येक अग्निवीराला अंशदायी आरोग्य योजना खुली करावी. त्याची सेवेतील वैद्यकीय कागदपत्रे त्याच्या हाती द्यावीत. जिल्हा रुग्णालयाचे डॉक्टर आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातील समुपदेशक ठरलेल्या वारी महाविद्यालयात यावेत.

मात्र हा दवाखाना केवळ गणवेश घातलेल्यांसाठी मागू नये. कापूस वेचून शुल्क भरणाऱ्या मुलीच्या अंगातील रक्त तपासण्यासही तेथे कोणी असले पाहिजे. सैनिकाला सवलत आणि मजुराला उपेक्षा अशी वाटणी पत्करली, तर दोघेही एकटे पडतील. दोघांनी एकत्र मागितले, तर तो हक्क होईल.

येथील विद्यापीठ 1983 मध्ये स्थापन झाले. त्याला ज्या गाडगेबाबांचे नाव आहे, त्यांनी रोग्याला औषधोपचार देणे हा धर्म मानला होता. ते नाव फाटकावर आहेच. आता ते फाटकाच्या आत नेण्याचे काम कार्यकर्त्यांचे आहे. प्रत्येक महाविद्यालयातून विद्यार्थ्यांच्या सह्यांचे निवेदन कुलगुरू आणि जिल्हाधिकारी यांच्याकडे जावे, येथून आरंभ व्हावा.