हाड वाढलेलं नाही, सरकलेलं आहे
(मंडळाच्या आरोग्य व्याख्यानातील भाषण)



आम्ही डॉक्टर नाही. सरकारी रुग्णालयाच्या एक्स-रे विभागातले डिप्लोमावाले कर्मचारी आहोत. पण रोज पावलं पाहतो, म्हणून मंडळाने बोलावलं असावं.

पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी, आतल्या बाजूला येणारा दुखरा उंचवटा आपल्या बऱ्याच घरांत आहे. आजीला होता, आईला आहे. कोणी कुरूप समजून पट्टी लावतं, कोणी युरिक ॲसिड म्हणतं. बाकीचे म्हणतात, ‘हाड वाढलंय, तासून टाका.’

एक्स-रेत वेगळंच दिसतं. अंगठा शेजारच्या बोटांकडे कलतो आणि त्याच्या मागचं लांब हाड उलट बाजूला, दुसऱ्या पावलाकडे सरकतं. त्या हाडाचं टोक पुढे येतं, तोच हा उंचवटा. डॉक्टर याला हॅलक्स व्हॅल्गस किंवा बनियन म्हणतात. नुसता उंचवटा तासला तर कल तसाच राहतो आणि दुखणं परतू शकतं.

अंगठ्याचा कल साधारण 15 अंशांच्या आत असावा. तो मोजायचा तर एक्स-रे उभ्यानेच हवा. ‘दोन्ही पायांवर भार द्या’ म्हटलं की भगिनी चिडतात, ‘पाय दुखतो म्हणून आले, अन् हे उभं करतात!’ पण बसून काढलेल्या एक्स-रेत कल कमी दिसतो.

ऑपरेशनमध्ये सर्जन ते हाड कापून सरळ रेषेत आणतात आणि स्क्रूने बसवतात. कल फार असेल किंवा मागचा सांधा ढिला असेल, तर तो सांधाच जोडून टाकतात. नंतर साधारण सहा आठवडे कडक तळाचा खास बूट घालावा लागतो, सूज तर काही महिने रेंगाळते. तेव्हा गौरी-गणपतीच्या तोंडावर तारीख घेऊ नका! तंबाखूने हाड जुळायला उशीर होतो. मधुमेह असेल तर पायाचा रक्तपुरवठा आणि संवेदना आधी तपासून घ्याव्यात.

दुखत नसेल तर नुसतं दिसण्यासाठी ऑपरेशन करू नये, रुंद पंजाची चप्पल पुरते. पण रुंद चप्पल घालूनही दुखतं म्हणून देवळात जाणं सोडलेल्या, घरात कुणालाच न सांगणाऱ्या काकू-मावश्या आम्ही पाहतो. त्यांना हाडांच्या डॉक्टरांकडे न्याच.

कोणी जुने एक्स-रे आणले असतील तर आरतीनंतर दाखवा. उभ्याने काढलेत की नाही, एवढं तरी आम्ही सांगू शकू.