ऑफिसशेजारची खोली
(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दहा मिनिटं दिली आहेत. बँकेतली सवय म्हणून घड्याळ काढून समोर ठेवलं आहे. मागे जेवणाची तयारी चालली आहे, तिचा वास मलाही येतो आहे, तेव्हा काळजी नसावी.

आपल्या ऑफिसला लागून जी दहा बाय बाराची खोली आहे, तिचं काय करायचं हे येत्या सर्वसाधारण सभेत ठरणार आहे. काहींना तिथे कुरियरची पार्सलं ठेवायला जागा हवी आहे, काहींना व्यायामाची यंत्रं. मी आणि शाळेच्या बाईंनी मिळून तिसराच अर्ज दिला आहे. तिथे या वस्तीचं एक छोटं संग्रहालय करावं. त्यावर "काका, भांड्यांचा बाजार मांडणार का?" असं लिफ्टमध्ये एकाने विचारलं. विचारणारे इथेच बसले आहेत, नाव घेत नाही.

संग्रहालय म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तलवारी आणि राजेमहाराजांची चित्रं येतात. पण पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय ज्यांनी पाहिलं असेल त्यांना आठवेल, तिथे अडकित्ते आहेत, दिवे आहेत, दौती आहेत, स्वयंपाकघरातली भांडी आहेत. दिनकर केळकर 'अज्ञातवासी' या नावाने कविता करायचे. त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला, त्याचं नाव त्यांनी संग्रहालयाला दिलं. घरोघर फिरून जमवलेल्या जवळपास वीस हजार वस्तू १९७५ साली त्यांनी सरकारच्या हवाली केल्या. एका माणसाने घरातून सुरू केलेलं काम आहे ते. आपल्याला वीस हजार नकोत, शंभर पुरेत. मात्र त्या इथल्याच हव्यात.

गेल्या २६ जानेवारीला सातवीच्या मुलांनी आपल्या हॉलमध्ये दोन दिवसांचं प्रदर्शन भरवलं, ते बऱ्याच जणांनी पाहिलं. जातं होतं, रॉकेलचा स्टो होता आणि तो साफ करायची पिनही होती. बी विंगमधल्या आजींनी रेडिओच्या परवान्याचं पुस्तक दिलं होतं. रेडिओ ऐकायला परवाना लागायचा आणि पोस्टात जाऊन पैसे भरावे लागायचे, हे पोरांना खरंच वाटेना. मागच्या गावठाणातल्या एका आजोबांनी खाडीत मासे धरायचं हातजाळं आणि भाताचा विळा आणला. एका मुलाने विचारलं, "शेत कुठे होतं?" आजोबांनी त्याला हाताला धरून खिडकीशी नेलं आणि आपलं पार्किंग दाखवलं. पंचवीस वर्षं मी तिथे गाडी लावतो. मला हे माहीत नव्हतं, आणि मी कधी विचारलंही नव्हतं.

आता जे सांगायला मी खरा उभा आहे, ते सांगतो.

या प्रदर्शनासाठी मुलांना घरोघर पाठवलं होतं. प्रश्न एकच, 'तुमच्या घरातलं माणूस कामावर काय वापरायचं?' माझ्या दारात एक मुलगी वही घेऊन आली. मी तिला वडिलांबद्दल सांगितलं. आम्ही लालबागच्या चाळीतले. वडील गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि वडील परत कधी साच्यावर उभे राहिले नाहीत. त्यांच्याकडे एक धोटा होता. लाकडाचा, होडीसारखा, दोन्ही टोकांना लोखंडी टोपी, पोटात सुताची कांडी बसायला खाच. हाताळून हाताळून मऊ झालेला. संपानंतर ते संध्याकाळी तो नुसता हातात घेऊन बसायचे. मी तेव्हा बँकेत होतो, घर माझ्या पगारावर चालायचं. त्यामुळे त्या धोट्याकडे बघायला मला आवडायचं नाही.

अर्धा तास बोललो असेन. मुलगी सगळं लिहून घेत होती. शेवटी म्हणाली, "आजोबा, मग तो धोटा द्या ना."

मी म्हटलं, "हरवला गं."

ते खोटं होतं. २००० साली इथे राहायला येताना वडिलांची ट्रंक मी आतल्या सामानासकट भंगारवाल्याला दिली. चाळीस रुपये आले. नवीन फ्लॅटमध्ये जुनं लोढणं कशाला, असा हिशेब केला होता. हिशेबात माझी चूक सहसा होत नसे.

असो. आता कामाचं बोलतो. वस्तू ठेवणं म्हणजे कपाटात कोंबणं नव्हे. एक नोंदवही लागेल : अनुक्रमांक, तारीख, देणाऱ्याचं नाव, वस्तू कोण वापरायचं आणि कशासाठी. नुसतं 'फार जुनी वस्तू' असं लिहिलेलं चालणार नाही, ती माहिती मुलं विचारून आणतील. वस्तू देणगी आहे की ठेव, हेही लिहायचं. ठेव असेल तर पावती दाखवून मागताक्षणी परत, आमच्या बचत खात्यासारखी. कपाटाला दोन कुलपं, एक किल्ली सेक्रेटरींकडे, दुसरी शाळेकडे. बँकेची तिजोरी कधी एका माणसाच्या किल्लीने उघडत नाही.

भगिनींना हात जोडून विनंती, पितळेचं भांडं देण्याआधी चिंच लावून लख्ख करू नका, त्याचा जुना रंगच त्याची ओळख आहे. जुने कागद लॅमिनेट करू नका. फोटो उन्हात नकोत, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी धरते म्हणून कपाटात सिलिका जेलच्या पुड्या लागतील. सिंकिंग फंडाला हात लावायचा नाही, मी खजिनदार होतो, तो इमारतीसाठी आहे. काचेच्या कपाटाचे पैसे मी देतो. पार्सलवाल्यांशी माझं भांडण नाही, वॉचमनच्या केबिनमागे रॅक बसतो, मी मोजून पाहिलं आहे. एक वर्ष करून बघा. मुलं आली नाहीत तर खोली मी स्वतः रिकामी करून देईन.

पुढच्या रविवारी दहा ते बारा, ऑफिसबाहेर टेबल टाकून मी आणि सातवीची चार मुलं वही घेऊन बसणार आहोत. पहिली नोंद झालेली आहे. त्या मुलीने माझ्या सांगण्यावरून धोट्याचं पेन्सिलचित्र काढलं होतं, तीच वस्तू क्रमांक एक. खाली तिने लिहिलंय, 'मूळ वस्तू हरवली.' ती मुलगी समोरच बसली आहे. बाळ, रविवारी ये. ते खोडून 'विकली, सन २०००, रुपये ४०' असं लिहायचं आहे. आणि बँकेत खाडाखोड केली की शेजारी सही लागते, ती मी करीन.