फरसबंदीचा हिशेब
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने आम्हांस ‘शिक्षणाचे महत्त्व’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली होती. त्या विषयावर आम्ही सेवेत असताना आणि सेवानिवृत्तीनंतरही इतक्या वेळा बोललो आहोत की, समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांना ते भाषण तोंडपाठ असावे. म्हणून मंडळाची क्षमा मागून यंदा दुसरा विषय घेतला आहे. आपल्या बारामती-इंदापूर भागातील कितीतरी तरुण आज अंगणे, मंदिरांची आवारे, मंगल कार्यालये आणि बंगल्यांच्या बागा यांतील फरसबंदीची कामे स्वतंत्रपणे घेऊ लागले आहेत. त्या कामाचा दर कसा काढावा, हा तो विषय.

आपला वडार समाज माती आणि दगड यांवर जगत आला. कोणी मातीकाम केले, कोणी गाड्यांवरून दगड वाहिला, कोणी जाती-पाट्यांना टाकी लावली. आमचे तीर्थरूप १९७२ च्या दुष्काळात खडी फोडीत होते. पुढे ते उजनी धरणाच्या कामावर गेले. ते धरण १९८० साली पुरे झाले. सुतकीचा एक घाव घालून दगड कोणत्या अंगाने फुटेल हे ते सांगत, आणि त्यात सहसा चूक होत नसे. परंतु केलेल्या कामाचे माप घेणारी फीत सदैव दुसऱ्याच्या हाती असे. वहीत जो आकडा पडे त्याखाली त्यांचा अंगठा उठे. आज फीतही आपल्या मुलांच्या हाती आहे आणि वहीही. अशा वेळी आकडा चुकला तर दोष कोणास द्यावयाचा?

हा प्रश्न आम्ही उगाच विचारीत नाही. २०१९ साली आमच्या पुतण्याने इंदापूर तालुक्यात एका मंगल कार्यालयाचे आवार घेतले. ऐंशी फूट लांब, पन्नास फूट रुंद, म्हणजे चार हजार चौरस फूट. अंदाजपत्रक त्याने आमच्याकडून लिहून घेतले. आम्ही जागा पाहिली नव्हती. बारामतीस ओट्यावर बसूनच हिशेब केला. पेव्हिंग ब्लॉक, कच, मुरूम, मजुरी मिळून खर्च दोन लक्ष रुपये आला. वीस टक्के नफा धरावा म्हणून त्यात चाळीस हजार मिळविले आणि दोन लक्ष चाळीस हजार, म्हणजे चौरस फुटास साठ रुपये, असा दर दिला. मालकांनी दहा टक्के सूट मागितली. पुतण्या म्हणाला, “नाना, वीस टक्के ठेवलेत, दहा सोडले तरी दहा राहतात.” आम्ही म्हणालो, “बरोबर आहे.”

श्रोतेहो, आम्ही आयुष्यभर मुलांना शेकडेवारी शिकविली. तरीही “बरोबर आहे” असे आम्ही म्हणालो. सूट दोन लक्ष चाळीस हजारांवर होती, नफा मात्र दोन लक्षांवर धरलेला होता. चोवीस हजार वजा जाता हाती दोन लक्ष सोळा हजार आले आणि उरले अवघे सोळा हजार. मिळालेल्या शंभर रुपयांत साडेसातही नव्हेत. बिलाच्या रकमेत वीस टक्के उरावयास हवे असतील तर खर्चात वीस टक्के मिळवून भागत नाही. खर्चास ८० ने भागावे आणि १०० ने गुणावे. दोन लक्षांचे अडीच लक्ष होतात. पंचवीस टक्के हवे असतील तर ७५ ने भागावे. सातवीतील मुलगा हे करील, पण गिऱ्हाईक समोर बसून चहा पाजीत असले म्हणजे सातवीचे गणितही सुचत नाही.

इतकेच असते तर एका धड्यावर निभावले असते. खरा घात जमिनीने केला. नीरा डाव्या कालव्याने आपल्या दोन्ही तालुक्यांस ऊस दिला, त्याबद्दल आपण कृतज्ञ आहोतच. परंतु बागायती पट्ट्यातील काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते. तिच्यावर पातळसा मुरूम पसरून केलेली फरसबंदी एका पावसाळ्यात लाटांसारखी होते. तेथे निदान फूटभर काळी माती काढून मुरूम भरावा लागतो. चार हजार चौरस फुटांवर एक फूट म्हणजे चार हजार घनफूट, अर्थात चाळीस ब्रास. चाळीस ब्रास माती खणून बाहेर टाकावयाची आणि चाळीस ब्रास मुरूम चोपून बसवावयाचा! चोपून चाळीस ब्रास भरावयाचा तर सुटा मुरूम पन्नास ब्रासच्या आसपास आणावा लागतो, कारण पाणी मारून रोलर फिरविला की तो दबतो. आमच्या कागदावर सहा इंच मुरूम होता आणि तोही सुट्याच मापाने धरलेला. खोदाईचा तर उल्लेखच नव्हता.

उताराचेही तसेच. पाणी वाहून जाण्यास पन्नास फुटांस एक फूट उतार ठेवावा असा साधारण ठोकताळा आहे. त्या आवाराची रुंदी बरोबर पन्नास फूट. जागा सपाट असेल तर एका कडेस एक फूट भर आणि दुसऱ्या कडेस शून्य. सरासरी अर्धा फूट. म्हणजे आणखी वीस ब्रास. भर घालावयाची नसेल तर तितकी माती एका बाजूने काढावी. पैसे दोहोंकडून लागतातच. आणि भर कमी पडली म्हणून पुष्कळजण कच जाड पसरून उतार साधतात. कचेचा थर दोन इंचांपलीकडे जाऊ नये. तो गादीसारखा असतो, पायासारखा नव्हे. आपल्या चार हजार फुटांस दोन इंचांनी सुमारे पावणेसात ब्रास कच लागते. दहा-बारा लागू लागली तर खाली काहीतरी चुकले आहे असे समजावे.

मुरुमाची ट्रॉली ‘एक ब्रास’ म्हणून येते तेव्हा तीही मोजावी. दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि दीड फूट उंच भरलेली ट्रॉली नव्वद घनफुटांची होते. पन्नास ट्रॉल्यांत पाच ब्रास कोठे गेले ते मग कोणास सापडत नाही. मोजताना ट्रॉलीवाल्यास राग येतो. येऊ द्यावा.

त्या आवारात ब्लॉक सर्वत्र साठ मिलिमीटर जाडीचे धरले होते. पायी फिरण्याच्या जागी ते चालतात. फाटकापाशी मात्र मंडपवाल्यांचे ट्रक वळत आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्याही त्याच कोपऱ्यावरून मागे घेतल्या जात. तेथे ऐंशी मिलिमीटर हवे होते आणि कडेस काँक्रीटमध्ये पक्का बसविलेला कर्ब हवा होता. कडेला अडसर नसला की ब्लॉक बाजूस सरकू लागतात, सांधे उघडतात, त्यांतील वाळू जाते आणि पाणी खाली उतरते. हे ब्लॉक हॉलंड देशात दुसऱ्या महायुद्धानंतर विटांच्या तुटवड्यामुळे प्रचारात आले असे वाचले आहे. पण तेथेही कडेवाचून ते टिकत नसावेत. आपल्या पूर्वजांनी नीरा नरसिंहपूरच्या संगमावर घाटाचे चिरे पाहिले असतील, त्यांना हे कोणी सांगावे लागले नसते.

पहिल्याच पावसाळ्यात फाटकाजवळचे दीड हजार फूट खचले. मालकांनी शेवटचा हप्ता रोखून धरला. त्यांच्या जागी आम्ही असतो तर आम्हीही तेच केले असते. पुतण्याने सगळे उकरून पुन्हा बसविले. सुनेच्या पाटल्या बँकेत गहाण पडल्या आणि दीड वर्षाने सुटल्या. त्यांतील काही भाग आमच्या निवृत्तिवेतनातून गेला. ते आम्ही उपकार म्हणून सांगत नाही. कागद आमच्या हातचा होता.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. त्या दुरुस्तीवर पुतण्या, त्याची पत्नी आणि धाकटा भाऊ असे तिघे बावीस दिवस राबले. हिशेब करताना पुतण्या म्हणाला, “घरचीच माणसं, त्यांची काय मजुरी धरायची?” आपल्या समाजात ही सवय फार जुनी आहे. सांध्यांत वाळू झाडून भरणारी स्त्री घरची असली म्हणून तिचा दिवस फुकट होत नाही. तिच्या जागी परकी बाई लावली असती तर तिला संध्याकाळी पैसे दिलेच असते. तिची मजुरी खर्चात धरावी आणि तिच्या हाती द्यावी. तसेच बारामतीहून इंदापूरची सुमारे पन्नास किलोमीटरची रोजची ये-जा, यंत्राची झीज, कापणीत फुटणारे ब्लॉक, पावसाळ्यातील रिकामे आठवडे, हे सर्व दरात आले पाहिजे. सरळ आवारात शंभरामागे तीन-चार ब्लॉक वाया जातात. बागेतील वळणदार वाटेत याहून पुष्कळ अधिक. वर्षाची उलाढाल वीस लाखांपलीकडे जाणार असेल तर जीएसटीची नोंदणी करावी, आणि दर करासह की कराविना हे कागदावर लिहावे. सार्वजनिक बांधकाम खात्याची दरसूची पाहावी, परंतु ती आपल्या जागेची माती पाहून छापलेली नसते.

कागदावर आणखी काय असावे? खोदाई किती खोल, निघालेली माती कोण हलविणार, ब्लॉकची जाडी, कर्बची लांबी, पाणी कोणी पुरवावयाचे, आणि दर किती दिवस बांधील राहील. उचल काम सुरू होण्यापूर्वी आणि दुसरा हप्ता मुरूम चोपून झाल्यावर, ब्लॉक पसरण्यापूर्वी घ्यावा. ब्लॉकखाली काय घातले ते मालकांनी त्याच वेळी डोळ्यांनी पाहिलेले असते, त्यामुळे पुढे वादही होत नाही.

पुतण्या अजून कामे घेतो. गतवर्षी त्याने एका बंगल्याची बाग घेतली, तेव्हा दर सांगण्यापूर्वी तीन ठिकाणी कमरेइतके खड्डे खणले. मालकांना वाटले, हा विहीर काढतो की काय! दर ऐकून ते दुसऱ्याकडे गेले आणि पंधरा दिवसांनी परत आले.

ज्यांना आपले अंदाजपत्रक दाखवून घ्यावयाचे असेल त्यांनी कोणत्याही रविवारी सकाळी आमच्या घरी यावे. पत्ता कार्यालयात मिळेल. येताना कागदाबरोबर जागेवरील फूटभर खालची माती रुमालात बांधून आणावी. तिच्यावाचून आम्ही आता आकडा लिहीत नाही.