समोर एकच विद्यार्थी
(हीरक महोत्सवी समारंभातील भाषण)



वाराणसीत अस्सी घाटाजवळ भदैनी नावाचा मोहल्ला आहे. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे जन्मस्थान म्हणून तेथे त्यांचे स्मारक उभे आहे. त्यांचे वडील मोरोपंत तांबे काशीत चिमाजीआप्पांच्या सेवेत होते. चिमाजीआप्पांच्या निधनानंतर ते आपल्या कन्येला घेऊन दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या आश्रयास ब्रह्मावर्ती, म्हणजे बिठूरला गेले. आईविना वाढणारी ही मनू तेथे अक्षरांबरोबर घोडा आणि तलवारही शिकली. पुढे विष्णुभट गोडसे यांनी ‘माझा प्रवास’मध्ये झाशीच्या राणीचा दिनक्रम वर्णिला आहे. राज्याचा भार शिरावर असतानाही पहाटेचा मल्लखांब आणि घोड्यावरील रपेट त्यांनी सोडली नव्हती. बालपणी अंगवळणी पडलेली विद्या अशी शेवटपर्यंत सोबत करते.

ही विद्या दिली कशी जाई, हे आज समजून घेण्याजोगे आहे. मल्लखांबाचे पुनरुज्जीवन करणारे बाळंभटदादा देवधर बाजीरावांच्या पदरी होते, आणि त्यांचे शिष्य कोंडभटनाना गोडबोले यांच्यामुळे काशीतही मराठी आखाड्याची परंपरा रुजली. आखाड्यात जोर-बैठका सर्वांनी मिळून काढता येतात. हत्यार मात्र समुदायाला एकदम शिकवता येत नाही. त्यासाठी वस्तादाला एकेका शिष्यासमोर उभे राहावे लागते. हाती आधी फरी-गदगा, म्हणजे छोटी ढाल आणि चामड्याने मढवलेली काठी. पवित्रा पक्का झाल्यावर वार, आणि वार सुधारल्यावर त्याची तोड.

आजच्या ऑलिंपिक तलवारबाजीतही शिक्षणाचा गाभा हाच आहे. प्रशिक्षक जाड गादीचे जाकीट आणि चामडी बाही घालून शिष्यापुढे उभा राहतो. प्रथम परस्परांना सलामी होते. मग प्रशिक्षक आपले पाते किंचित बाजूला घेऊन स्वतःचीच छाती उघडी करतो. ती शिष्याला खूण असते. शिष्याने आधी हात लांबवायचा, मग पुढचे पाऊल टाकायचे आणि मागच्या पायाने शरीर पुढे लोटायचे. पाऊल आधी आणि हात मागाहून आला, तर प्रशिक्षक तेथेच त्याला अलगद टोचतो. चूक घडते त्याच क्षणी ती शिष्याला अंगावर कळते. रागावण्याची गरज उरत नाही.

अशा पाठाला क्रम असतो. आरंभी हातखंडा असलेली हालचाल, जेणेकरून शिष्याचा धीर वाढावा. मग एकच नवी गोष्ट, संथ गतीने. ती जमू लागली की प्रशिक्षक न सांगता एक पाऊल मागे सरकतो आणि शिष्याला अंतर नव्याने जोखावे लागते. त्यानंतर एकाऐवजी दोन खुणा येतात: एकीवर वार करायचा, दुसरीवर बचाव करून प्रतिवार. कोणती खूण आली हे शिष्याने स्वतः ओळखायचे. येथवर हात शिकत होता. येथून निर्णयशक्ती शिकू लागते. वीस-पंचवीस मिनिटांच्या पाठाअखेरीस पुन्हा सोपी हालचाल आणि पुन्हा सलामी. शिष्याला स्पर्धेत आपल्यावाचून उभे राहता यावे, यासाठीच प्रशिक्षकाचा हा सारा खटाटोप असतो.

चेन्नईची भवानी देवी शाळेत असताना या खेळाकडे वळली. शस्त्रे महाग, म्हणून आरंभीचा सराव बांबूच्या काठ्यांवर झाला. पुढे केरळातील तलश्शेरी येथे सागर लागू यांनी आणि इटलीत निकोला झानोत्ती यांनी तिला घडवले. 2021 मध्ये टोकियोत ऑलिंपिकच्या पट्टीवर उतरलेली ती पहिली भारतीय तलवारबाज ठरली. पहिली लढत तिने 15–3 अशी जिंकली, दुसरी 7–15 अशी गमावली. 2023 मध्ये आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तिने कांस्यपदक मिळवले. या स्पर्धेतील भारताचे ते पहिले पदक. काठीपासून तेथवरच्या वाटेवर किती चुका कुणीतरी समोर उभे राहून, न कंटाळता सुधारल्या असतील!

शाळेच्या वर्गात साठ मुले असतात. फळ्यावरचे उदाहरण सर्वांना एकच दिसते, पण प्रत्येकाचा अडखळण्याचा टप्पा निराळा असतो. एखादी मुलगी हातच्याचा अंक विसरते, एखादा मुलगा जोडाक्षरापाशी थबकतो, आणि उत्तरपत्रिकेवर दोघांच्याही वाट्याला तीच लाल फुली येते. फुलीने चूक कळते, चुकीचे कारण कळत नाही. अशा मुलाला ‘ढ’ म्हणणे सोपे आहे. त्याच्यासमोर दहा मिनिटे बसणे अवघड आहे, आणि त्या दहा मिनिटांवर कधीकधी त्याचे पुढचे सारे शिक्षण अवलंबून असते.

हीरक महोत्सवात इमारतीचा, निकालांचा आणि पारितोषिकांचा गौरव व्हावा, हे उचितच आहे. तथापि, येथे जमलेल्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याने क्षणभर डोळे मिटले, तर त्याला बहुधा एखादी व्यक्ती आठवेल: मधल्या सुटीत थांबून केवळ त्याच्यासाठी तेच उदाहरण पुन्हा सोडवून दाखवणारी. शाळेचे खरे ऋण तेच, आणि ते शाळेला परत करायचे नसते. माजी विद्यार्थ्यांनी आठवड्यातील एक तास आणि पालकांनी रोजची दहा मिनिटे एका मुलासमोर बसून दिली, तर ते पुढे पोचेल. मूल चुकेल, तेव्हा त्याला हळूच टोकावे. आणि ते एकट्याने उभे राहू लागले, की समाधानाने एक पाऊल मागे सरावे.