घर कुणाचं, कायदा कुणाचा?

तत्त्वज्ञ रूसो १७६२ साली म्हणाला, समाजाच्या सामूहिक इच्छेपुढे एकट्याने मान तुकवावी, त्यातच त्याचं स्वातंत्र्य. ऐकताना जरा धास्तीच वाटते! १८५९ मध्ये इंग्रज विचारवंत मिलने बजावलं, दुसऱ्याला इजा होत नसेल तर समाजाने माणसाच्या वाटेला जाऊ नये.

हा मिल पुण्यात समाजसुधारक आगरकरांनी मन लावून वाचला. सनातन्यांनी त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली. तरी संमतिवयाच्या, म्हणजे शरीरसंबंधासाठी, अगदी लग्नातही, मुलीचं किमान वय ठरवणाऱ्या कायद्याची बाजू त्यांनी सोडली नाही. टिळकांचा विरोध होता. परक्या सरकारने आमच्या सामाजिक चालीरीतींत हात घालू नये, असं त्यांचं म्हणणं. मला आगरकर पटतात, कारण इजा कोवळ्या मुलीला होत होती. १८९१ च्या त्या कायद्याने संमतीचं वय दहावरून बारा वर्षं झालं.