पाला, अर्क आणि मात्रा



मेथी, कारलं, जांभळाच्या बियांची पूड, गुडमारचा काढा यांनी रक्तातली साखर उतरते का? आज मी या एकाच प्रश्नावर बोलणार आहे. 'सगळं थोतांड' असं मी म्हणणार नाही, आणि 'निसर्गाचं आहे, अपाय नाही' असंही म्हणणार नाही. वनस्पतींत गुण असतो. तो किती, कशात आणि कुणाला, हे मोजावं लागतं.

आधी शरीरात काय होतं ते पाहू. जेवण झालं की इन्सुलिन रक्तातली साखर स्नायूंत आणि चरबीच्या पेशींत शिरायला मदत करतं, यकृताला नवी साखर तयार करू देत नाही आणि साठलेली चरबी सुटू देत नाही. पण यकृतात आणि स्नायूंत चरबी साचली की त्या पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात. साखर कारखान्याची गव्हाण तुंबली की उसाच्या गाड्या रस्त्यावर रांग धरून उभ्या राहतात, हे श्रीरामपूरच्या भागात कुणाला सांगायला नको. रक्तात साखर अशीच तिष्ठत राहते. वर चरबीच्या पेशींतून सुटलेली मेदाम्लं यकृतात येतात आणि दुखणं वाढतं.

'मी तर बारीक आहे' म्हणून कुणी निर्धास्त राहू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के! वजनकाटा आपल्याला पुरं खरं सांगत नाही.

आता गुडमार. मधुनाशिनी, बेडकी, कावळी अशीही त्याची नावं आहेत. या वेलीचं पान नीट चघळायचं आणि मग जिभेवर चिमूटभर साखर ठेवायची. दाताखाली नुसती खर येते, गोडी लागतच नाही. मीठ खारट लागतं, चिंच आंबट लागते, फक्त गोड तेवढं नाहीसं होतं. पानातली जिम्नेमिक आम्लं जिभेवरची गोडाची ग्रहणस्थानं अडवतात. काही वेळानं चव परत येते. डॉ. के. एस. म्हसकर आणि जे. एफ. कायस यांनी या वनस्पतीचा सविस्तर अभ्यास १९३० सालीच प्रसिद्ध केला होता. आपल्याच देशात इतक्या आधी झालेल्या या कामाचा आपल्याला विसर पडावा, याचं मला वाईट वाटतं. पण जिभेवरची गोडी जाणं वेगळं आणि रक्तातली साखर उतरणं वेगळं, हेही ध्यानात ठेवा.

मेथीचं पाहा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. आर. डी. शर्मा आणि सहकाऱ्यांनी टाइप १ मधुमेहाच्या रुग्णांना तेल काढलेल्या मेथीची पूड जेवणातून दहा दिवस दिली. लघवीतून जाणारी साखर ५४ टक्क्यांनी घटली, कोलेस्टेरॉलही उतरलं. १९९० साली हे प्रसिद्ध झालं. पण मात्रा होती रोज १०० ग्रॅम! सकाळी चमचाभर भिजवलेली मेथी खाऊन आपण तेवढ्याच गुणाची अपेक्षा धरतो. मेथीतला चिकट धागा जेवणातली साखर रक्तात सावकाश उतरू देतो. हे काम धाग्याचं आहे, आणि धागा पोटभर लागतो.

कोकमाची गोष्ट उलटी आहे. आमसुलाच्या आंबटपणात हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असतं. साखरेची चरबी करणारं एक एन्झाइम ते परीक्षानळीत अडवतं, म्हणून कोकमाच्याच गोत्रातल्या एका फळाचा अर्क 'चरबी जाळणारा' म्हणून जगभर खपला. अमेरिकेत १३५ लठ्ठ माणसांवर १२ आठवडे त्याची चाचणी झाली, १९९८ साली निकाल छापून आला. वजन किंवा चरबी, कशातही खोट्या गोळीपेक्षा फरक पडला नाही. सोलकढी मनापासून प्या, पण पोट उतरण्यासाठी नको.

आणि तुमच्यापैकी अनेकांच्या खिशात असलेली मधुमेहावरची मेटफॉर्मिनची गोळी? तिचं मूळ युरोपातल्या गॅलेगा नावाच्या झुडपाकडे जातं. त्यातलं गॅलेजिन साखर उतरवायचं, पण विषारी होतं. त्याच कुळातलं मेटफॉर्मिन १९२२ साली डब्लिनमध्ये तयार झालं. पॅरिसच्या जाँ स्टर्न यांनी माणसांवरचा तिचा गुण १९५७ साली प्रसिद्ध केला. अमेरिकेत ती १९९५ मध्ये विकायला आली. झुडपापासून गोळीपर्यंत एवढी वर्षं लागली, कारण विष वेगळं काढायचं होतं आणि मात्रा ठरवायची होती. दारुहळदीतलं बर्बेरीन आज याच वाटेवर आहे. पेशीतल्या इंधनावर नजर ठेवणारं एएमपीके नावाचं एन्झाइम ते जागं करतं, आणि शांघायच्या एका छोट्या चाचणीत साखर उतरवण्यात बर्बेरीन मेटफॉर्मिनच्या बरोबरीचं ठरलं. मोठ्या आणि लांब चाचण्या अजून हव्यात.

म्हणून झाडपाल्याची पुडी घेण्याआधी विचारा: यात काय आहे, किती आहे, माझ्या गोळ्यांबरोबर चालेल का? साखर उतरवणाऱ्या गोळ्यांवर गुडमारचा अर्क चढवला तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. 'मधुमेह मुळापासून बरा' अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे, तरी भिंती तशा जाहिरातींनी रंगलेल्या दिसतात. गुळवेलही बिनधोक समजली जाते. २०२० च्या अखेरीस मुंबईत सहा रुग्णांच्या यकृताला सूज आली, ती गुळवेलीशी जोडली गेली. आयुष मंत्रालयाला तो निष्कर्ष मान्य नव्हता. वाद चालू राहील. पण असं काही घेत असताना डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, तर ते तत्काळ थांबवा आणि उरलेली पुडी घेऊन दवाखान्यात जा. फेकून देऊ नका. डॉक्टरांना ती तपासायला लागेल.